बिनवासाचं पाणी

मुलाची कंपनी सणसवाडीला, म्हणून आम्ही शिक्रापूरला फ्लॅट घेतला. तिथं प्यायच्या पाण्याचे जार विकत येतात. एक दिवसाआड जारवाला येतो, भरलेला दाराशी आपटतो, रिकामा उचलतो. घरात सगळे तेच पितात. मी नळाचं पिते, औषधाच्या वासाचं. फडक्यातून गाळायचं, माठात ओतायचं, प्यायचं, संपलं. सून म्हणते, "आई, आजारी पडाल हो." मी म्हणते, पडले तर पडले, पंचाहत्तरी आली, अजून किती सांभाळायचं?  कारण मात्र मी तिला कधी सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे गेनूमामांपासून सुरुवात करावी लागेल, आणि ते मला फारसं जमत नाही. आज लिहून बघते.

मी मूळची दौंडची. वडील रेल्वेत होते, आमचं बालपण क्वार्टरमध्ये गेलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-एक वर्षांनी मला शाळामास्तरणीची नोकरी लागली आणि पहिली नेमणूक झाली शिरूर तालुक्यातल्या एका गावात. शिरूरहून दौंडकडे येताना लागतं. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि त्यांना आवडणार नाही.

दुष्काळाच्या कामातून गावाला तेव्हा नवीनच नळ आला होता. नदीत विहीर, विहिरीवर पंप, टेकाडावर टाकी आणि गावात ठिकठिकाणी उभे नळ. शेवटचा नळ शाळेच्या भिंतीला होता. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी त्या नळाला तांब्या लावला आणि उभ्या उभ्या प्याले. त्यात काय एवढं? दौंडला आम्ही जन्मापासून नळाचंच पीत होतो. पण मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, तुमी दौंडच्या का?"

वळून बघितलं तर साठीचा एक उंच, काटकुळा माणूस. अंगात रेल्वेचा जुना खाकी शर्ट, पितळी बटणांचा. शर्टावर पांढऱ्या कडांची बारीक बारीक भोकं पडलेली. खांद्यावर व्हॉल्व फिरवायची लांबलचक लोखंडी चावी. मी म्हटलं, "हो, दौंडची. तुम्हाला कसं कळलं?"

"न घाबरता पेलात," ते म्हणाले. "हितं पाव्हणा बी आदी वास घेतो."

हे गेनूमामा. गेनू भालेराव. अख्खी नोकरी त्यांनी दौंडला रेल्वेच्या पंपहाउसात काढली होती. कोळशाच्या इंजिनांना पाणी भरायचं काम. रिटायर होऊन गावी परतले, आणि गावात पंप चालवणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणून पंचायतीनं त्यांनाच ठेवून घेतलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा दौंडलाच राहिला होता. मामा बौद्धवाड्यात एकटे राहायचे आणि शेजारची कलाबाई त्यांना दोन वेळची भाकरी द्यायची. कलाबाईचा नवरा ट्रकवर क्लीनर होता, अपघातात गेला. ती शेतात रोजानं जायची. तिला एकच मुलगी, शोभा, माझ्या दुसरीच्या वर्गात. मामांच्या गोष्टीत एवढीच माणसं आहेत, आणि एक सरपंच.

मामा रेल्वेतून रिटायर झाले होते, पण रेल्वे त्यांच्यातून रिटायर झाली नव्हती. नळाला पाणी सुटलं असं ते कधी म्हणायचे नाहीत. "गाडी आली," म्हणायचे. लाईट गेली की पंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहायचे, "सकाळची गाडी १ तास लेट." कुणी नळ उघडा टाकून गेलं की ओरडायचे, "आरं ए, फाटक लाव की!" पाइपला कान लावून ते ऐकत बसायचे, डॉक्टर छातीला नळी लावतो तसं. आत हवा आहे की पाणी, ते त्यांना आवाजावरनं कळायचं. एकदा मीही कान लावला. मला काहीच ऐकू आलं नाही. मामा म्हणाले, "तुमचं शिक्शान जादा झालं बाई." आणि स्वतःच खूष होऊन हसले.

रोज संध्याकाळी ते टाकीवर चढून पाण्यात पावडर टाकायचे. दवाखान्यात जो उग्र वास येतो ना, तसल्याच वासाची ती जंतू मारायची पांढरी पावडर. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची. त्या पावडरीनंच त्यांच्या शर्टाला भोकं पडली होती आणि बोटांची टोकं फुटून पांढरी झाली होती. सकाळी पाणी सोडलं की ते शेवटच्या नळावर यायचे, म्हणजे आमच्या शाळेत. काचेच्या छोट्या नळीत पाणी घ्यायचे आणि खिशातल्या कुपीतून औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं म्हणजे पावडर शेवटपर्यंत पोचली. वर्गातली पोरं खिडकीत गर्दी करून ओरडायची, "पिवळं! पिवळं!" सगळ्यात मोठा आवाज शोभाचा. मी छडी आपटायची. मामा माझ्याकडं बघून म्हणायचे, "सिग्नल पडला बाई. चालू करा शाळा."

मी एकदा विचारलं होतं, इतकं कशाला करता? रोज कोण बघायला येतंय? तेव्हा म्हणाले, "बाई, आमी रेल्वेत इंजिनाला बी पानी तपासून देत हुतो. खराब पानी दिलं तर बॉयलर फुटतो म्हनायचे. तवा इंजिनाला तपासायचं आन् मानसाला न्हाई, ह्ये कसं?"

दुसऱ्या गावाला जाताना मामा स्वतःचं पाणी बरोबर न्यायचे. शरबताची काचेची बाटली होती त्यांच्याकडे. तिला ओलं फडकं गुंडाळायचं, बूच मारायचं आणि काखोटीला. कुठल्याही लग्नात, बारशात, कुणाच्या मातीला गेले तरी बाटली बरोबर. गाव चिडवायचं, "मामांची देशी." एकदा आम्ही एकाच एसटीनं शिरूरला चाललो होतो. मी तालुक्याला मीटिंगला, ते पावडरीची पोती आणायला. कंडक्टरनं बाटली बघितली आणि डोळे वटारले. "आजोबा, दारू घिऊन गाडीत बसायचं न्हाई."

"पानी हाय."

"सगळेच पानी म्हनत्यात." त्यानं बूच काढलं, नाकाला लावलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "आयला! ह्ये तर दवाखान्यातलं काय तरी हाय."

"मंग घ्या की घोटभर," मामा म्हणाले. "पोट साफ हुईल, तिकीट फाडायला हुशारी यील."

सगळी गाडी हसली. कंडक्टरही हसला, पण प्याला नाही. मामांनी ते बघितलं आणि बाटली फडक्यात गुंडाळली. शिरूर येईपर्यंत मग ते खिडकीबाहेरच बघत होते.

त्यांना सलत होतं ते हेच. त्या वासाचं निमित्त करून अर्धं गाव नळाचं पाणी पीत नव्हतं. वरची आळी म्हणजे सरपंचांची आळी. तिथं त्यांची स्वतःची विहीर होती, कठड्याची, जुनी. त्या आळीतल्या बायका नळाचं पाणी भांडी घासायला वापरायच्या, धुण्याला वापरायच्या, गुरांना पाजायच्या. पण प्यायला विहिरीचं. विचारलं तर म्हणायच्या, "औषधाचा वास येतो बाई, घशाखाली उतरत न्हाई." मी सरपंचांच्याच माडीखालच्या खोलीत भाड्यानं राहत होते, त्यामुळं रोज ऐकायची. पावडर टाकणारा हात बौद्धवाड्यातला होता, ही खरी गोष्ट. ती कुणी तोंडानं काढायचं नाही. मामाही काढायचे नाहीत. फक्त एकदा, सरपंचांच्या आई मला सांगत होत्या की नळाचं पाणी देवाला चालत नाही, तेव्हा मामा दारावरनं चालले होते. थांबले आणि अगदी साळसूदपणे म्हणाले, "आजी, गाईला चालतं का?"

"गाईला काय, चालतं की."

"आन् गाईचं दूद देवाला?"

 मी तोंडात पदर कोंबला. मामा चावी खांद्यावर टाकून चालते झाले. पण पुढं वळणावर मी त्यांना गाठलं तेव्हा चेहऱ्यावर गंमत नव्हती. म्हणाले, "बाई, मला काय नगं. निस्तं एकदा ह्या आळीनं माझं पानी प्यावं. एकदा तोंडाला लावावं. मंग म्या मेलो तरी चालंल."

"माझं पाणी" म्हणायचे ते. पंचायतीचं नाही, नदीचं नाही. माझं.

त्या वर्षी चैत्रात सरपंचांच्या मुलीचं लग्न निघालं. आमची सकाळची शाळा सुरू झाली होती, परीक्षा तोंडावर. नदी आटून पात्रात डबकी उरली होती, आणि वरच्या आळीची विहीर तळाला गेलेली. लग्नाला माणूस ढीगभर येणार, विहीर पुरणार नाही हे उघड होतं. तेव्हा सरपंचांनी, म्हणजे गावाच्या आबांनी, मामांना घरी बोलावलं.

ते मामांनीच मला सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेच्या ओट्यावर बसून. सांगताना त्यांचा आवाज वेगळाच येत होता. "बाई, आबा मला गेनूमामा म्हनले. आत्तापत्तोर निस्तं गेनू. 'बसा' म्हनले. आन् च्या दिला तो घरातल्या कपबशीत. त्यांच्या सोताच्या कपबशीत."

"मग?"

"म्हनले, 'मामा, लग्नाला तुमचंच पानी वापरतो. सगळा गाव पिईल, पाव्हनं बी पितील. फकस्त हळदीच्या आन् लग्नाच्या दिसाच्या पान्यात पावडर टाकू नका. दवाखान्याचा वास आला तर पाव्हन्यांत आमची शोबा हुईल.'"

मी विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?"

मामा बोटांची फुटलेली टोकं चोळत बसले. मग म्हणाले, "एकदा प्याले की सवय लागंल बाई. मंग हळूहळू पावडर चालू करू. दोन दिवसांनी काय हुतंय?"

त्यांना माझ्याकडून काहीतरी ऐकायचं होतं. मी नको म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण तो माणूस इतका सुखात बसला होता. आणि खोली सरपंचांची, लग्नाचं आमंत्रण मलाही होतं, नवी साडी काढून ठेवली होती. मी म्हटलं, "दोन दिवसांनी काय होतंय, मामा!" अगदी असंच, हेच शब्द. त्यांचंच वाक्य मी त्यांना परत दिलं आणि ते उठले.

हळदीच्या दिवशी सकाळी सवयीनं ते शेवटच्या नळावर आले. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पाणी होतं तसंच राहिलं. पोरं खिडकीत उभी होती. कुणीतरी विचारलं, "बाई, पिवळं का न्हाई झालं?" मी म्हटलं, "जागेवर बसा." मामांनी नळीतलं पाणी मातीत ओतलं आणि माझ्याकडं न बघता गेले. लग्नाच्या सकाळी ते शाळेकडं आलेच नाहीत.

लग्न छान झालं. मी गेले होते, नवी साडी नेसून. मामा पांढरं धोतर नेसून आले होते, आणि पहिल्यांदाच त्यांच्या काखेत बाटली नव्हती. मांडवाच्या एका कडेला उभे राहून पंगतीकडं बघत होते. त्यांना काय बघायचं होतं ते मला माहीत होतं, म्हणून मीही बघत होते. पंगतीत पाणी वाढणारी पोरं तांब्या भरायला मागच्या अंगणात जायची. तिथं दोन मोठे रांजण होते. मामा हळूच तिकडं गेले. परत आले तेव्हा चेहऱ्याचा रंग उडालेला होता.

"बाई," ते म्हणाले, "रांजनात हिरीचं पानी हाय. प्यायला हिरीचंच ठिवलंय."

"आणि नळाचं?"

"च्या, सैपाक, आन् भांडी."

उकळायचं आणि घासायचं पाणी नळाचं, प्यायचं विहिरीचं. त्यांच्या हातचं पाणी वरच्या आळीनं त्या दिवशीही तोंडाला लावलं नव्हतं. मामा जेवले नाहीत. सरळ टाकीवर गेले आणि भर दुपारी दुप्पट पावडर ओतली. पण हळदीची सकाळ आणि लग्नाची सकाळ, दोन्ही वेळचं पाणी तोवर गावात जाऊन बसलं होतं. आणि ते पाणी कच्चं कोण प्यालं होतं? बौद्धवाडा. कारण बौद्धवाडा नळाशिवाय दुसरं काही पीतच नव्हता. मामांनीच शिकवलं होतं त्यांना.

तिसऱ्या दिवशी वर्गात चार पोरं नव्हती. चौथ्या दिवशी नऊ. उलट्या आणि जुलाब. शोभाला कलाबाईनं सकाळपासून मीठ-साखरेचं पाणी पाजलं, पण पोटात काही राहीना. जीप मिळाली नाही. कुणाचा तरी कांद्याचा ट्रक शिरूरला निघाला होता, त्यात घातलं. वाटेतल्या न्हावऱ्याच्या थोडं अलीकडे ती गेली. दुपारचे बारा वाजले असतील. ट्रकवाल्यानं तिथूनच गाडी वळवली.

मला रडू आलं नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. मी हजेरीपट उघडला, तिच्या नावासमोर काय लिहायचं ते हेडसरांना विचारलं, त्यांनी सांगितलं ते लिहिलं आणि परीक्षेचे पेपर काढायला बसले. आतून सगळं बधिर झालं होतं. अजूनही त्या आठवड्याकडं वळून बघते तेव्हा दुसऱ्याच कुणाचं तरी बघतेय असं वाटतं.

तालुक्याहून डॉक्टर आला, दोन माणसं बरोबर. वरच्या आळीतही पाच-सहाजण आजारी होते. डॉक्टरनं नळाचं पाणी तपासलं, ते पिवळंधमक झालं. लग्नाच्या दुपारपासून मामा दुप्पट पावडर टाकत होते ना. मग विहिरीचं तपासलं. तळाचा गाळ, त्यात मेलेली घूस सापडली. डॉक्टर म्हणाला, विहिरीमुळं साथ आली. विहिरीवर पत्रे ठोकले. बौद्धवाडा त्या विहिरीवर कधी चढलाच नव्हता, चढू दिलाच नव्हता, हे त्या परगावच्या डॉक्टरला कुठून कळणार? गावाला माहीत होतं, पण कुणी बोललं नाही. डॉक्टर माझ्याकडं आजारी पोरांची यादी मागायला आला होता. मी नीट अक्षरात लिहून दिली आणि गप्प बसले.

मग झालं असं, की वरची आळी मुकाट्यानं नळावर आली. दुसरा इलाजच नव्हता. सरपंचांच्या घरातल्या बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहायला लागल्या. त्याच वासाचं पाणी प्यायला लागल्या. मामांनी जे मागितलं होतं ते पदरात पडलं. ग्रामसभेत सरपंचांनी त्यांना नारळ, टॉवेल आणि टोपी दिली. म्हणाले, "आपल्या गेनूमामांच्या पावडरीनं गाव वाचलं." टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, इतर वाजवत होते म्हणून. मामांना दोन शब्द बोला म्हणाले. ते उभे राहिले, टॉवेल हातात धरून.  मग "बरं" एवढंच म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, लाजले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला दारात येऊन उभे राहिले. "बाई, कलीकडं चला माज्यासंगं. एकट्याला जमना."

कलाबाई दारात सूप घेऊन ज्वारी पाखडत बसली होती. आम्हाला बघून तिनं मला पाट सरकवला. मामा उभेच राहिले. उभ्यानंच म्हणाले, "कले, हळदीच्या आन् लग्नाच्या दिसाच्या पान्यात म्या पावडर टाकली न्हवती. आबा म्हनले, म्या ऐकलं. शोभीला पानी बाधलंय, हीर न्हाई."

तिचा हात थांबला नाही. सूप तसंच वरखाली होत राहिलं.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"वास न्हवता." तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "शोभी रोज नाक मुरडायची. त्या दिशी म्हनली, आये, आज पानी लई ग्वाड लागतंय गं. तांब्यावर तांबं प्याली. म्या म्हनलं, पी. मामाचं पानी हाय, पी."

  मामा उंबऱ्यापाशी खाली बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि बसूनच राहिले. कलाबाईनं पाखडणं पुरं केलं, ज्वारी डब्यात ओतली आणि उठून आत गेली. मी पाटावर होते. नळीतलं पाणी मीही बघितलं होतं, "दोन दिवसांनी काय होतंय" असं मीच म्हटलं होतं, हे त्या वेळी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. मला माझी लाज वाटते, आणि ती बधिरपणातही वाटते, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

त्याच संध्याकाळी मामा सरपंचांकडे गेले. मी खालच्या खोलीत होते, वरचं सगळं ऐकू येत होतं. मामा म्हणत होते, "आबा, गावाला सांगतो आन् चावी ठिवतो. माज्यानं आता हुनार न्हाई."

"गेनू, गप बस," सरपंच म्हणाले. परत गेनूच. "आत्ता कुठं लोक नळाचं प्यायला लागल्यात. तू बोललास तर उद्या पत्रे उचकटून परत हिरीवर जातील. मग जी पोरं मरतील ती कुनाच्या डोक्यावर?"

मग सरपंच म्हणाले, "आन् चावी कुनाला देतोस? हाय का दुसरा कोन?"

सरपंच स्वतःला वाचवत होते, यात शंका नाही. पण बोलले ते खोटं नव्हतं, आणि त्यातच मामा अडकले. जिन्यावरनं उतरताना मी त्यांना बघितलं. भिंतीला हात लावून एकेक पायरी उतरत होते. चावी खांद्यावरच होती.

त्यानंतर दोन वर्षं मी त्या गावात होते. मामांनी एक दिवसही पावडर चुकवली नाही. कुणाचंही लग्न असो, जत्रा असो, कुणी हातापाया पडो. शाळेच्या नळावर यायचे, नळीत पाणी घ्यायचे, बघायचे, जायचे. पण आता माझ्याशी बोलत नव्हते. फळ्यावर गाडी लेट असल्याचं लिहिणं बंद झालं. कलाबाईची भाकरीही बंद झाली होती. स्वतःच तीन दगडांवर काहीतरी शिजवून खायचे.

मग माझी बदली दौंडला झाली. निघायच्या दिवशी मी सकाळच्या एसटीसाठी फाट्यावर उभी होते. फाट्यासमोरच मधला उभा नळ. पाणी नुकतंच सुटलं होतं, बायकांची रांग लागली होती. त्यात वरच्या आळीच्या, खालच्या आळीच्या, सगळ्या. सगळ्यात पुढं कलाबाई. नळापाशी मामा उभे होते. इतके वाकले होते की मी आधी ओळखलंच नाही.

कलाबाईनं हंडा खाली ठेवला. तांब्या नळाखाली धरला, काठोकाठ भरला आणि मामांच्या पुढं केला.

"पी," ती म्हणाली.

मामा नाही, तुमी नाही. नुसतं पी.

माझ्या शेजारी सरपंचांच्या भावजयबाई उभ्या होत्या, त्याही दौंडला निघालेल्या. त्या मला कौतुकानं म्हणाल्या, "बघा की बाई, दोन वर्सं झाली, रोज पाजती म्हाताऱ्याला. पोरीच्या नावानं. लई पुण्याचं काम."

 तेवढ्यात एसटी आली. मी चढून खिडकीशी बसले. मामा दोन्ही हातांनी तांब्या धरून पीत होते, घोट घोट, मधे न थांबता, आणि कलाबाई त्यांच्या घशाकडं बघत उभी होती. मागची रांग निमूटपणे थांबली होती. तांब्या रिकामा झाला. तिनं तो त्यांच्या हातून घेतला, उलटा करून बघितला, आणि मगच हंडा नळाखाली लावला.